आक्काची पत्रं

आई माझ्याशी बोलते तेव्हा तिची नजर दाराकडे असते. लहानपणापासून मी हे बघत आले आहे. मी समोर बसून भाजी निवडत असले तरी दाराकडे बघूनच ती विचारते, "मीठ घातलंस का?" दारात कोणी नसतं. माझी थोरली बहीण, जिला आम्ही आक्का म्हणायचो, ती दारातून गेली ती आली नाही. ते दार मुठा गावातल्या आमच्या घराचं होतं. आबा, म्हणजे माझे वडील वारले, तेव्हा मी आईला माझ्या सासरी, लवळ्याला आणलं. दार बदललं, तिचं बघणं बदललं नाही.

मला तिच्याकडून फार काही नको होतं. एकदा तिनं माझ्याकडे तोंड करून बसावं आणि मी जे सांगते ते माझं म्हणून ऐकावं, एवढंच. हे मी कोणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. पण मी जिथं काम करते त्या कॉलेजच्या मुलींनी यंदा एक नाटक बसवलं, आणि ते बघून मी जे करून बसले ते कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटतं.

आधी आक्काचं सांगते. भात कापून झालं की आमच्या खाचरांत मेंढरं बसवायची पद्धत होती. कोकणात उतरणारे मेंढपाळ वाटेत मुक्काम करायचे. त्यांची मेंढरं चार रात्री खाचरात बसली की लेंड्यांचं खत व्हायचं, आणि त्या बदल्यात आपण त्यांना धान्य द्यायचं. दरवर्षी एकच कुटुंब यायचं. आक्का त्यांच्याकडे ताक घेऊन जायची आणि उशिरा परत यायची. ती वीस वर्षांची होती, मी चौथीत. एका सकाळी मेंढरं उठली, त्यांचं राहुटीचं पाल उठलं, आणि आक्काही नव्हती.

आमच्यात आणि त्यांच्यात सोयरीक होत नसे. आबा एकदाच म्हणाले, "ती आपल्याला मेली." दोन दिवसांनी विहिरीवर एका बाईनं विचारलं, "थोरली दिसंना गं?" तेव्हा आई घागर भरता भरता म्हणाली, "माझ्या आत्याकडं धाडलीया, बार्शीकडं. आत्या एकलीच हाय तितं, हातपाय चालंनात तिचं."

आत्या खरी होती. पण ती कधी आमच्याकडे आली नव्हती आणि आम्ही कधी तिकडे गेलो नव्हतो.

पहिले काही महिने हे लोकांसाठी होतं. घरात आली की आई भिंतीकडे तोंड करून रडायची. मग रडणं थांबलं. मला बरं वाटलं. पण एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "आत्याकडं पानी लांबनं आनावं लागतं. पोरीचं हाल व्हत असत्याल."

"कुनाच्या पोरीचं?" आबांनी विचारलं.

आईनं त्यांच्याकडे असं बघितलं, की येडा कोण आहे हे ठरून गेलं. आबांनी ताट सरकवलं आणि उठले. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कधी विचारला नाही, आणि घरात जेवताना बोलणंही कमी झालं. ते बाहेरच्या ओट्यावर जेवू लागले. पाचवीची शाळा पुढच्या गावात होती, चालत जावं लागे. आबांनी मला धाडलं नाही. एक रस्त्यानं गेली होती, दुसरी त्यांना रस्त्यावर नको होती.

पुढच्या दिवाळीनंतर आईनं करंज्या, तिळाची चटणी आणि एक नवी साडी गठुड्यात बांधली आणि आबांना सांगितलं, "येष्टीच्या डायवरकडं द्या. बार्शीला आत्याचा मानूस येऊन घेऊन जाईल." आबा मला बरोबर घेऊन पौडला गेले. आम्ही स्टँडवर बराच वेळ बसलो. गाड्या आल्या आणि गेल्या, आबा काही उठेनात. दुपारी रस्त्यानं मेंढरांचा एक कळप आला. घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं, मागे बायका चालत होत्या. आबा एकदम उठले आणि त्यांतल्या एका म्हातारीपुढे जाऊन उभे राहिले.

"तुमच्यात कुनाला आमची पोर दिसली तर एवढं द्या. हनुवटीवर गोंदलेलं हाय तिच्या."

"नाव काय पोरीचं?"

आबांनी नाव सांगितलं. वर्षभरात मी ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

म्हातारीनं गठुडं घोड्यावर टाकलं. "दिसली तर देऊ. न्हाई दिसली तर आमीच खाऊ, चालंल का?"

"चालंल," आबा म्हणाले आणि हसले. नंतर त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

आई म्हणायची लेक बार्शीला आहे, आबांनी ती मेली असं ठरवून टाकलं होतं. मी दोघांच्या मधे वाढले आणि दोघांचं खोटं सांभाळत राहिले. घरात तिसरं खोटं लागेल असं मला वाटलं नव्हतं. पण आई रोज विचारू लागली, "गठुडं पोचलं का? पोच कुटं हाय?" आबा म्हणाले, "पत्र येईल." आणि मला गोठ्यात बोलावून म्हणाले, "तू चार बुकं शिकलीस, तू कर कायतरी. मला तसलं बोलता येत न्हाई."

मी माझ्या गणिताच्या वहीचं पान फाडलं. त्यावर भागाकार होते. घडी घातली आणि आईपुढे बसून वाचलं, "आईस दंडवत. करंज्या पोचल्या. एक फुटली होती." आईला अक्षर येत नव्हतं. ती माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, एक हात माझ्या पाठीवर ठेवला, आणि भागाकाराच्या पानाकडे बघत राहिली. तिची नजर दारावरून हटलेली मी त्या दिवशी प्रथम बघितली.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एक पत्र यायचंच. मी पत्र लिहायचे नाही, नुसतं वाचायचे. कागद कोणताही चालायचा; वाचून झालं की आई तो एका डब्यात जपून ठेवायची. हळूहळू मला कळलं, की या पत्रातून मागता येतं. एकदा मी वाचलं, "धाकटीच्या डोक्याला तेल लावत जा. तिचे केस माझ्यासारखे झाले पाहिजेत." दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला पुढ्यात घेतलं आणि खोबरेल लावून माझी घट्ट वेणी घातली. आक्का असताना ती हे आक्कासाठी करायची. मी डोळे मिटून बसले होते. वेणी इतकी ओढली होती, की कपाळ दुखत होतं, तरी संध्याकाळपर्यंत मी ती सोडली नाही. एकदा नवा परकर मागितला, तो मिळाला. एकदा मी वाचलं, "धाकटीला जवळ घेऊन निजत जा, ती भिते." ती चार दिवस माझ्याजवळ निजली. दर पत्रात मागितलं तर आईला संशय येईल, म्हणून मी जपून मागायचे. वर्षातून एकदा.

माझं लग्न झालं, मी लवळ्याला आले. मुठ्याला गेले की पिशवीत एक पत्र असायचंच. पत्रांमध्ये मी आक्काचं लग्न लावलं, तिला एक मुलगा आणि एक मुलगी दिली. मुलगा दहावीत नापास झाला तेव्हा आई आठवडाभर नीट जेवली नाही. मला वाईट वाटलं, म्हणून पुढच्या पत्रात त्याला पास केलं.

आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा घरोघरी मोबाइल झाले होते. ती विचारायची, "फोन का करीत न्हाई गं ती?" मी म्हणायचे, "तितं रेंज न्हाई." आई हे शेजारणीला सांगायची. शेजारणीचा जावई तिकडेच ट्रक चालवतो. ती माझ्याकडे बघून म्हणायची, "बार्शीला रेंज न्हाई? मंग आमचा जावई काय कबुतर सोडतोय व्हय?" मी घरात पळायचे. नवरा कॉलेजच्या गेटवर वॉचमन आहे. तो घरी आला आणि आमचं वाचन चाललेलं असलं, की चपला न काढता परत बाहेर जायचा. एकदा म्हणाला, "तुझी आई येडी हाय का तू, मला एकदा सांगून टाक. मी त्या हिशोबानं वागतो." तो हसला, पण त्या महिन्यात तो माझ्याशी नीट बोलला नाही. आबांसारखाच तोही बाहेर जेवायला बसू लागला होता.

मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये भाकरी करते. दुपारी जेवणं आटोपली की टेबलं पुसायची असतात. यंदा तिथंच मुलींच्या नाटकाची तालीम चालायची, कारण हॉल मिळत नव्हता. मी फडकं घेऊन हळूहळू पुसायचे, म्हणजे जास्त वेळ थांबता यायचं. नाटकात एक घर होतं. थोरला मुलगा जहाजावर नोकरीला आहे असं त्या घरातली आई म्हणत असते. तो कित्येक वर्षांत आलेला नाही, जहाजही नाही. बाप आणि मुलगी तिच्या कलानं घेतात. मुलगी तिला भावाची पत्रं वाचून दाखवते. मुलीला बघायला पाहुणे येतात, तर आई म्हणते, "भाऊ आल्याशिवाय हिचं लग्न नाही." पाहुणे निघून जातात. बाप म्हणतो, "तिला खरं सांगितलं तर ती मरेल, आणि नाही सांगितलं तर आपण." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी फडकं टेबलावर तसंच सोडून आत गेले. चुलीपाशी कोणी नव्हतं. बराच वेळ मी परात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी परत बाहेर आले. पत्र वाचणारी मुलगी चष्म्याची होती. ती रडवेल्या आवाजात, थांबत थांबत वाचत होती. नाटक बसवणारी मुलगी, केस बारीक कापलेली, सारखी म्हणत होती, "नाही गं, कनेक्ट होत नाहीये." मग तिची नजर माझ्यावर पडली. "मावशी, तुम्ही रोज बघता. तुम्हाला खरं वाटतं का हिचं वाचणं?"

मी चारचौघात बोलत नाही. पण तोंडातून निघून गेलं, "असं न्हाई वाचत."

"मग कसं?"

"खोटं पत्र वाचताना मानूस थांबत न्हाई. थांबलं की समोरच्याला संशय येतो. अन् तुमचं डोळं कागदावर फिरत न्हाईत. वळ संपली की डोळं परत डावीकडं आलं पायजेत. पान उलटायचंबी राहिलं तुमचं."

चष्म्याची मुलगी म्हणाली, "वाचून दाखवाल?"

मी तिचा कागद हातात घेतला. त्यावर काहीच नव्हतं. "आईस दंडवत," मी म्हणाले. "हितलं पानी खारं हाय, डाळ शिजत न्हाई."

"हे स्क्रिप्टमध्ये नाहीये," कोणीतरी म्हणालं.

"एक तक्रार घालायची. सगळं ग्वाड असलं की खोटं वाटतं."

बारीक केसांची मुलगी वहीत भराभर लिहून घेत होती. मग मान वर करून म्हणाली, "मावशी, तुम्हाला हे कसं माहीत?"

"असंच," मी म्हणाले आणि कागद तिथेच टाकून आत गेले. माझे कान तापले होते. पण मला खरं सांगायचं तर बरंही वाटलं. इतकी वर्षं मी जे करत होते ते कोणी तरी बघितलं होतं आणि नीट केलं असं त्यांना वाटलं होतं.

नाटकाच्या दिवशी त्या मुली माझ्या मागेच लागल्या, घरच्यांना आणा म्हणून. मी ठरवलं, आईला न्यायचं. ती त्या बाईला बघेल, त्या मुलीला बघेल, आणि तिला आपोआप कळेल. मग मला सांगावं लागणार नाही. एवढं मनाशी धरून मी तिला नवी साडी नेसवली आणि संध्याकाळी रिक्षानं वर टेकडीवरच्या कॉलेजात घेऊन गेले. गेटवर नवऱ्यानं सलाम ठोकला. "सासूबाई, आज थेटरात?" आई लाजली.

आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवलं. नाटक सुरू झालं. आई पुढे वाकून बघत होती. चष्म्याची मुलगी न थांबता वाचत होती, डोळे ओळीवरून फिरत होते, पान उलटलं. पाणी खारं आहे हेही आलं. आईनं माझा हात धरला होता, पण बघत होती समोर. शेवटी मुलीला सहन होत नाही. ती कोरा कागद आईच्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, "बघ. काही नाही यावर." नाटकातली आई कागद उचलते, लांब धरते, जवळ धरते, आणि म्हणते, "अक्षर सुधारलंय त्याचं."

हॉलमध्ये शांतता होती. त्या शांततेत माझी आई मोठ्यानं म्हणाली, "येडी हाय ही बाई!"

मागची मुलं हसली. टाळ्या वाजल्या. मी खाली बघत होते.

रिक्षात आई बोलत होती. "पोरगं येत न्हाई, जहाज न्हाई, काय न्हाई, अन् ही बया कोऱ्या कागदाला अक्षर म्हनती. घरातल्यांचं काय हाल केलं तिनं बघितलंस? त्या पोरीचं वय निघून गेलं की." मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "आपली आक्का बरी. तिचं पत्र तरी येतं."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी आईनं विचारलं, "पत्र आलं का गं? लई दिवस झालं." मी तिच्यासमोर बसले. गुडघ्याला गुडघा लागला, तिचा हात माझ्या पाठीवर आला. मला वाटलं, वाचावं. अजून एक वाचावं. पण मग तिनं डोक्यावरून हात फिरवला असता तो आक्कासाठी असता, आणि मी आता पन्नाशीला आले आहे.

मी म्हणाले, "आई, आक्काचं पत्र येत न्हाई. कधीच आलं न्हाई. डब्यात ठेवलीस ती माझ्या वहीची पानं हायेत. गनितं हायेत त्यावर."

तिचा हात माझ्या पाठीवर तसाच राहिला. बाहेर शेजारणीचा कुकर वाजला.

"अन् पोरं?" तिनं विचारलं.

"मीच केली."

"दहावी?"

"तीबी."

तिनं हात काढून घेतला. मग दाराकडे बघून म्हणाली, "मंग ती कुटं हाय?"

"मला ठाव न्हाई."

"जित्ती हाय का?"

"न्हाई ठाव, आई."

"तुला काय ठाव हाय मंग?" ती म्हणाली. रागावली नव्हती. मी मीठ विसरले तर म्हणते तशी म्हणाली. मग उठली आणि दारात जाऊन बसली.

त्या दिवसापासून तिनं पत्र मागितलेलं नाही. रडली नाही, आजारी पडली नाही. नवरा आता घरात, आमच्यासोबत जेवतो आणि आईची चेष्टा करतो. ती कधी हसते, कधी नाही. सगळे म्हणतील, चांगलं झालं. मलाही तसं वाटायला हवं. पण कामावरून आल्यावरची दुपार आता मोकळी असते. ती दारात बसते, मी आत बसते. गुडघ्याला गुडघा लागायला काही कारण उरलं नाही. जे माझं नव्हतं ते मी स्वतःच्या हातानं टाकलं, आणि माझं असं काही त्या जागी आलं नाही. एकदा मनात आलं, की सांगावं तिला, काल पत्र आलं, खरंच आलं, मी थट्टा केली होती. ती मानेल. मला खात्री आहे की ती मानेल. मी तसं केलं नाही. अजून तरी नाही.

मग मी हे लिहायला लागले. शाळेजवळच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. दुपारी आतल्या खोलीत बसून लिहायचे. परवा आई पाणी प्यायला आत आली आणि माठापाशी थांबली.

"काय लिवतीस?"

"काय न्हाई."

"कुनाचं हाय?"

"माझं," मी म्हणाले.

ती तांब्या हातात घेऊन उभी राहिली. माझ्याकडे बघत होती, दाराकडे नाही. "मंग वाच की," ती म्हणाली.

वहीत सगळं तिच्याबद्दलच होतं. आबांचं गठुडं होतं, म्हातारीला दिलेलं, जे तिला कधी सांगितलं नव्हतं. वेणी होती. मी म्हणाले, "संध्याकाळी वाचते." ती "बरं" म्हणाली आणि पाणी पिऊन बाहेर गेली. संध्याकाळी पाहुणे आले, राहून गेलं.

त्यानंतर तिनं परत विचारलेलं नाही. मी आता आतल्या खोलीत बसत नाही. वही घेऊन बाहेर येते आणि तिच्यासमोर, तिला दिसेन अशी बसून लिहिते. वाचायला सुरुवात आबांच्या गठुड्यापासून करायची असं ठरवलं आहे. ते तिचंही आहे. तिनं एकदा विचारायची वाट बघते आहे.